दौलतशेठ गप्प बसायला शिकतात

दौलतशेठ केणे रिक्षात बसले की पुढच्या रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं मोठ्यानं वाचतात. दुकानात शिरताना चपला बाहेर काढतात, मग ते दुकान चपलांचंच असो. फोन लागला की पलीकडचा 'हॅलो' म्हणायच्या आत 'कोण बोलतंय' असं विचारतात, फोन स्वतः केलेला असला तरी. लग्नात भटजींच्या आधी 'सावधान' म्हणतात. लोकांच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवतात आणि मुलांची नावं विसरतात. आणि समोरचा माणूस बोलताना जरा अडखळला, की त्याचं वाक्य स्वतः पुरं करून टाकतात.

"शेठ, मी काल जरा—"

"दवाखान्यात गेल्तास."

"नाही, बँकेत—"

"बँकेत. तेच बोलतोय मी."

त्यांच्या गावात शिकवायला आलेल्या संचितानं हे सगळं पहिल्या आठवड्यातच टिपलं. ती डोंबिवलीची, मराठी घेऊन एम.ए. झालेली. पुस्तकांवर प्रेम असलं की मुलांना वाचायला शिकवणं सोपं जाईल, असं तिला वाटलेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी एका मुलानं 'आवड' हा शब्द वाचायला घेतला आणि घामानं त्याची कॉलर भिजली. संचितानं आपलं पुस्तकांवरचं प्रेम तेव्हाच पिशवीत ठेवलं. पुन्हा कुणाला दाखवलं नाही.

संस्थेचं नाव 'अक्षरसोबत'. मुख्य केंद्र ठाण्यात, नौपाड्यात. ज्या मुलांना वाचन जमत नाही त्यांची तिथं शिकवणी चालते. ही मुलं ढ नसतात, आळशीही नसतात. फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ त्यांच्या डोक्यात लवकर बसत नाही. नौपाड्यातले पालक अशा मुलांना मागच्या जिन्यानं आणतात. शेजाऱ्यांना सांगतात, अबॅकसला जातो. दोन शेजारी त्याच जिन्यात समोरासमोर आले, तर दोघंही एकमेकांकडे अबॅकसची चौकशी करतात. संस्थेनंही पाटीवर 'व्यक्तिमत्त्व विकास' एवढंच लिहिलंय. संस्थेचे प्रमुख विनीत सर म्हणतात, "लोकांच्या मनातली लाज घालवणं हेच आपलं मिशन आहे."

संचिताला कल्याणजवळच्या मोहन्याच्या केंद्रावर पाठवलं. ते केंद्र म्हणजे दौलतशेठचा गाळा. त्यांच्या वडलांची तिथं भातशेती होती. आता तिथं चार इमारती आहेत आणि भात दुकानातून येतो. शेठनी गाळा फुकट दिला. अट एकच, पाटीवर त्यांचं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठं हवं. विनीत सर तत्त्वांविषयी अर्धा तास बोलले आणि मग त्यांनी अट मान्य केली.

गाळा द्यायचं कारण होती सान्वी. शेठची नात. पाचवीत.

सान्वी हुशार होती. हळदीला कोण आलं, कोण जेवलं, कोण रुसून गेलं, सगळं तिच्या तोंडावर. पण पान उघडलं की एखाद्या शब्दापाशी ती थांबे. मान वर करी. समोरच्याच्या ओठांकडे बघे. मोठ्या माणसांना लहान मुलाचं अडणं सोसवत नाही. कुणीतरी शब्द सांगून टाकतंच. ती तो उचले आणि पुढच्या शब्दापाशी जाऊन थांबे. असं करत ती पाचवीपर्यंत आली. शाळेनं तिला 'वाचन समाधानकारक' असा शेरा दिलेला. संचितानं तिच्यापुढं पान धरलं आणि स्वतःचं तोंड पुस्तकाआड लपवलं, तेव्हा सान्वीला चार शब्दांचं एक वाक्य पार करता आलं नाही.

घरी तिला शब्द पुरवणारे बरेच होते. त्यात सगळ्यात उदार आजोबा. ती 'क'वर थांबली की शेठ 'कमळ' म्हणत. पुस्तकात 'कपाट' असे. मग दोघंही कमळ समजून पुढं जात आणि गोष्ट भलतीकडेच निघून जाई.

"शेठ, ती अडली की तुम्ही थांबायचं," संचिता म्हणाली. "तिला शब्द शोधू द्यायचा. तुम्ही सांगत राहिलात तर ती कधीच वाचणार नाही. पुढच्या वर्षी सहावी. वर्गात शेजारी बसून शब्द सांगायला कुणी नसणार."

"पटलं," शेठ म्हणाले. "पोराला आपलं आपण—"

"हो, आपलं आपण—"

"करू द्यायचं. तेच बोलतोय मी."

मध्येच प्रमाणपत्र आलं.

मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात सान्वीची तपासणी झाली. नंबर गाळा सुरू व्हायच्या आधीच लावून ठेवलेला, यायला महिने गेले. शेवटी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात पडलं. त्यावर परीक्षेत जास्त वेळ मिळतो, आणखीही काही सवलती मिळतात. सान्वीच्या आईनं, करिश्मानं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. शाळेशिवाय कुणाला कळता कामा नये, असं तिनं घरात सगळ्यांना बजावलं. सगळ्यांत दौलतशेठही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहन्याच्या नाक्यावर बॅनर लागला.

'आमची लाडकी नात कु. सान्वी प्रफुल्ल केणे हिला शासकीय प्रमाणपत्र प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्ये सान्वीचा फोटो. त्याच्या दुप्पट दौलतशेठचा. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेली माणसं, दाटीवाटीनं.

करिश्माचा फोन आला तेव्हा संचिता अजून घरीच होती.

"मॅडम, शाळेच्या ग्रुपवर फोटो फिरतोय. मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही तरी सांगा त्यांना काहीतरी. माझं कोण ऐकतंय."

संचिता धावतपळत मोहन्याला पोहोचली. नाक्यावर शेठ खुर्ची टाकून बसलेले. हातात पेढ्यांचा खोका.

"शेठ, हे काय केलंत?"

"का? फोटो जुना हाय, तेच ना? सान्वी बी तेच बोलली. बोलली, आबा, दात पडलेला फोटो का टाकलास."

"फोटोचं नाही. प्रमाणपत्र कशाचं आहे माहितीय ना तुम्हाला?"

"मना काय समजत नाय? वाचायला जड जातं, त्याचं."

"मग?"

"मंग काय? तीन येळा नेली तिला. तपासली, परत बोलावली, परत तपासली. सरकारी डॉक्टर सोप्यात सही करतात का? शेजारच्या भिवाच्या पोराला बी नेल्ता. त्याला नाय दिला. बोलले, याला काय झालेलं नाय, हा अभ्यास करत नाय. हात हलवत आला. आपल्या पोरीला दिला." शेठनी पेढा पुढं केला. "बाय, सातबारा सोडला तर आमच्या घरात सरकारचा कागद पहिल्यांदाच आलाय. घे, तोंड गोड कर."

संचिताकडे दोन वर्षांच्या एम.ए.चं सगळं शब्दभांडार होतं. तिनं पेढा घेतला.

विनीत सरांचा फोन आला. "हे फार गंभीर आहे, संचिता. मुलीच्या प्रायव्हसीचं काय?" पाच मिनिटांनी पुन्हा आला. "तो बॅनर मी झूम करून बघितला. आपला लोगो का नाहीये त्याच्यावर?"

संध्याकाळी तीन बाया गाळ्यात आल्या. कागद कुठं मिळतो, त्याला काय करावं लागतं, हे विचारायला. एकीनं मुलाला सोबतच आणलेलं. "याला बी द्या," ती म्हणाली. "याला तर काय म्हणजे काय वाचता येत नाय." पुढच्या आठवड्यात वर्गात बसायला सतरंजी कमी पडली. भिवा रोज येऊन विचारी, पुन्हा तपासणी करता येते का. गाळ्याला मागचा जिना नव्हता. शटर एकच, तेही रस्त्यावर. संस्थेच्या अहवालात विनीत सरांनी लिहिलं, 'मोहने येथे संस्थेने व्यापक जनजागृती मोहीम राबवली.'

करिश्मा मात्र पंधरवडाभर सासऱ्याशी बोलली नाही. शेठना त्याचा पत्ता लागला नाही. तिची वाक्यं ते आधीही स्वतःच पुरी करत.

मुद्दा सान्वीच्या वाचनाचा होता आणि तो जागचा फारसा हलत नव्हता. कागद मिळाला म्हणून पान वाचता येत नाही. घरी रोज थोडा वेळ कुणीतरी तिच्याबरोबर बसायला हवं होतं. करिश्मा बसली की रडकुंडीला येई. प्रफुल्ल कामावरून उशिरा येई. उरले आजोबा. सान्वीलाही तेच हवे होते, कारण त्यांच्यासोबत वाचणं सगळ्यात सोपं.

शेवटी संचितानं पाण्याची युक्ती काढली.

"शेठ, तांब्याभांडं घेऊन बसा. ती अडली की एक घोट तोंडात घ्या. गिळायचा नाही. तिनं शब्द वाचला की मग गिळा."

"आणि नाय वाचला तर?"

"तर धरून ठेवा."

शेठना ही गोष्ट आवडली. त्यात काहीतरी करायचं होतं. नुसतं गप्प बसणं त्यांना काम वाटत नसे. त्यांनी पितळेचा तांब्या घासून घेतला. गाळ्यात येऊन सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक केलं. गाल फुगवून, डोळे वटारून बसले. मुलं हसून लोळली. पहिल्या दिवशी त्यांनी घोट लगेच गिळला आणि शब्द सांगितला. दुसऱ्या दिवशी ठसका लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी घोट धरला, पण बोटानं हवेत भोपळा काढून दाखवला, कारण शब्द भोपळा होता. सान्वी पानाकडे बघतच नव्हती. आजोबांचे फुगलेले गाल बघत होती.

"हे काय चाललंय?" गोदूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या शेठच्या पत्नी. "चूळ भरायची तर मोरीत जा."

त्यातच वाचनोत्सव आला. ज्या कंपनीच्या देणगीवर संस्था चालत होती, तिचे साहेब ठाण्याहून येणार होते. मांडव शेठनी घातला. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, स्पीकर लग्नातले.

"सान्वी एक परिच्छेद वाचेल," विनीत सर म्हणाले. "आधी आणि आता, असं दाखवू."

"आधी आणि आता यात फार फरक नाही, सर. ती तयार नाही."

"पाच ओळी गं. पाठ करून घे ना."

संचितानं सान्वीलाच विचारलं. सान्वीला माइकचं आकर्षण होतं. ती म्हणाली, "मी वाचते. पाठबिठ नको."

कार्यक्रमाच्या दिवशी सान्वी नवा फ्रॉक घालून उभी राहिली. हातात गोष्टीचं पुस्तक, ओळीवर बोट. दौलतशेठ व्यासपीठावर साहेबांच्या शेजारी. पुढ्यात पाण्याचा पेला.

"नदीच्या... काठावर... एक झोपडी होती," सान्वीनं वाचलं. "झोपडीवर..."

आणि थांबली. तिनं मान वर केली. आधी आजोबांकडे बघितलं. शेठनी घोट घेतला. गाल फुगले. पण या खेपेला बोट हललं नाही, भुवई हलली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सान्वीनं साहेबांकडे बघितलं.

"भोपळ्याचा," साहेब पुस्तकात डोकावून हळूच म्हणाले.

"भोपळ्याचा," विनीत सर दुसऱ्या माइकवरून म्हणाले.

पहिल्या रांगेत करिश्माचे ओठ हलले. तिसऱ्या रांगेतून भिवा ओरडला, "भोपळा बोल गो, घाबरतेस काय?" स्पीकरवाल्यानंही मान पुढं काढून शब्द सांगितला. मांडवभर भोपळे झाले.

शेठ उठून उभे राहिले. गाल तसेच. दोन्ही हात हलवून सगळ्यांना गप्प करू लागले. साहेबांना वाटलं, यांना अटॅक आला. त्यांनी रुमाल पुढं केला. तेव्हा शेठनी पाणी गिळलं आणि माइक घेतला.

"कुणी बोलायचं नाय."

मांडव चिडीचूप झाला. कुणी खोकलंही नाही. सान्वीचं बोट शब्दावर होतं. तिनं मान खाली घातली, पुस्तकाकडे. तीन महिने संचिता ज्या शांततेसाठी झटत होती, ती समोर होती.

पण माइक शेठच्या हातात होता.

"कुणी बोलायचं नाय," ते पुन्हा म्हणाले. "का नाय बोलायचं? तर ऐका." आणि त्यांनी सांगायला घेतलं. पोर अडलं की मोठ्या माणसानं तोंड कसं बंद ठेवायचं. घोट किती घ्यायचा, पितळेचा तांब्या का बरा. मोहन्यात पूर्वी लोक किती कमी बोलायचे आणि आता किती बोलतात. आपल्या लग्नात आपण कसे एक शब्द बोललो नव्हतो. गप्प बसण्याचे फायदे ते पाऊण तास सांगत होते. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला पोहोचायचं होतं. शाल, श्रीफळ, फोटो. भाषण चालू असताना सान्वी कधीतरी व्यासपीठाच्या कडेला बसली. पुस्तक मांडीवर, बोट अजून ओळीवर. मग तिनं बोट काढून घेतलं.

"जबरदस्त," विनीत सर जाताना म्हणाले. "काय वक्ता आहे. आपल्या ब्रोशरच्या कव्हरला टाकू." कव्हरवर माइक धरलेले शेठ आले. सान्वी कडेला होती, ती कापली गेली.

घरी गोदूबाईंनी ताट वाढलं आणि एवढंच बोलल्या, "पोरीचा घास खाल्लास. वर ढेकर बी दिलास."

त्यानंतर सान्वी आजोबांसोबत वाचायला बसेना. शेठ तांब्या घेऊन बसत. ती पुस्तक घेऊन आत जाई. आईपाशी नाही, आजीपाशी नाही, एकटी. एकटीला वाचता येत नसे, म्हणून नुसती चित्रं बघे. गाळ्यातही ती पुन्हा ओठांकडे बघायला लागली. थोडंफार साधलेलं होतं, तेही गेलं.

चारपाच दिवसांनी वर्ग सुटल्यावर शेठ शटरपाशी आले. चपला बाहेर काढल्या. मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले.

"बाय, ती मना घेत नाय वाचायला."

संचितापाशी उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक होतं, त्यात दोन संशोधकांची नावंही होती. ती काही बोलली नाही.

"मी काय मुद्दाम..." शेठ म्हणाले आणि अडले.

संचिताला पुढचा शब्द माहीत होता. तिनं तो दिला नाही. बाहेरून पाण्याचा टँकर गेला. शेठनी स्टुलाची कड पकडली.

"माझा बा तोतरा होता," ते म्हणाले. "भात विकायला कल्याणला जायचा, मी संगती. भाव सांगताना अडायचा. तवर व्यापारी हसायचे. आपलाच भाव लावून मोकळे व्हायचे. म्हणून मीच बोलायचो. त्यानं तोंड उघडलं की मी पुरं करायचो. मोठा झालो, तरी मीच. लोक बोलायचे, दौलत काय हुशार पोर हाय." ते थांबले. "मंग हळूहळू त्यानं बोलायचंच सोडलं. मना वाटलं, म्हातारा झायला."

संचिता त्यांच्यासमोर सतरंजीवर बसली.

"चहा आहे का गो?" शेठनी विचारलं.

"नाही."

"मंग जातो." ते उठले. जाताना नेहमीप्रमाणे 'चल बाय, उद्या' म्हणाले नाहीत.

त्या रविवारी संचिता वाचनपट्टी द्यायला शेठच्या घरी गेली. ही पुठ्ठ्याची पट्टी असते. तिला एका ओळीएवढी खिडकी कापलेली असते. पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलं जातं. त्यानं मुलांना धीर येतो.

शेठ घराचं लोखंडी गेट रंगवत होते. गणपती तोंडावर आलेले. रंगाऱ्याला त्यांनी सकाळीच हाकलून दिलेलं, कारण तो ब्रश आडवा मारत होता. आता ते स्वतः मारत होते, तोही आडवाच. डावा पल्ला निळा झालेला. उजव्याच्या वरच्या दोन सळ्या झालेल्या.

सान्वी आतून आली. हातात तेच गोष्टीचं पुस्तक. पायरीवर बसली.

"आबा, त्या झोपडीवर खरंच भोपळा होता का, मला बघायचंय."

शेठनी तोंड उघडलं. मिटलं.

"हात पूस. इथं बस. पाणी नको आणू," सान्वी म्हणाली.

त्यांनी ब्रश डब्यात टाकला. लुंगीला हात पुसले, लुंगी निळी झाली. पायरीवर तिच्या शेजारी बसले, जरा लांब. रस्त्याकडे तोंड करून.

संचिता गेटाबाहेर उभी होती. गेट ओलं, हात लावायची सोय नव्हती. तिनं वरूनच पट्टी पुढं केली. सान्वीनं ती घेतली आणि पानावर ठेवली.

"नदीच्या काठावर एक झोपडी होती. झोपडीवर..."

एक मोटारसायकलवाला थांबला. "शेठ, रंग कुठून उचललात? एकच नंबर." शेठनी नुसता हात वर केला. तो माणूस बघत राहिला. शेठनी उत्तर दिलं नाही असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत असावं. "बरं वाटत नाय का?" त्यानं विचारलं आणि तो गेला.

सान्वीनं मान वर केली नाही. ती खिडकीतल्या ओळीकडे बघत होती. शेठच्या मानेची शीर ताठलेली. पायाचा अंगठा हलत होता.

"भो," सान्वी म्हणाली. बऱ्याच वेळानं, "पळ." मग, "भोपळ. भोपळ्या. भोपळ्याचा वेल."

शेठनी रस्त्याकडे बघतच मान हलवली.

"वेल होता," तिनं वाचलं. पट्टी खाली सरकवली. पुढच्या ओळीत पहिल्याच शब्दाला पुन्हा अडली. तिथं ती बराच वेळ राहिली. आतून गोदूबाई जेवायला हाक मारायला आल्या आणि तशाच दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे करिश्मा. तिनं तोंडावर हात धरलेला, शब्द बाहेर पडू नये म्हणून.

त्या दुपारी दीड ओळ झाली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सान्वी पुन्हा पुस्तक घेऊन आली, आणि तिसऱ्या दिवशीही. ती आली की शेठ हातातलं काम टाकून पायरीवर बसतात.

गणपती येऊन गेले. रंगाच्या डब्यात ब्रश वाळून दगड झालाय. गेटाचा डावा पल्ला निळा आहे. उजव्याच्या दोन सळ्या निळ्या, बाकी गंज.